अपघातांच्या नकाशावर किती विसंबावे?

महामार्गावर वन्यप्राणी सर्वाधिक कुठे मरतात ते शोधायचे, नकाशावर तिथे लाल ठिपका द्यायचा आणि भुयारी मार्ग तिथेच बांधायचा, ही रीत आता अभियंते, वनाधिकारी आणि निसर्गप्रेमी अशा सगळ्यांनीच प्रमाण मानली आहे. पैसा तुटपुंजा, पूल महाग. तेव्हा मृत्यू दाटले आहेत तिथे खर्च आधी व्हावा, हा तिचा पूर्वपक्ष. त्याला आधार नाही असे नाही. स्पेनमधल्या सोरिया प्रांतातल्या अपघातांवर मालो आणि सहकाऱ्यांनी २००४ साली लिहिलेला निबंध प्रसिद्ध आहे. टकरी रस्ताभर सारख्या विखुरलेल्या नसतात. जंगल दाट आणि घरे विरळ अशा तुकड्यांत त्या गोळा होतात, हे त्यांनी दाखवले. हरीण-सांबरासारखे मोठे प्राणी आणि चोख नोंदी असतील, तर ही पद्धत उपयोगी आहे, हे मीही मानतो.

आक्षेप आहे तो तिच्यामागून गुपचूप शिरणाऱ्या दुसऱ्या विधानाला. ‘मृतदेह जास्त तिथे धोका जास्त’ इथून आपण ‘मृतदेह नाहीत तिथे धोका नाही’ इथे कधी पोहोचतो ते कळतही नाही. रस्ता रुंद करण्याच्या प्रस्तावात हे दुसरे विधानच कामी येते.

आधी नुसती गणिताची बाजू पाहू. १०० किलोमीटर रस्त्यावर १०० मृत्यू निव्वळ योगायोगाने विखुरले, तरी सुमारे ३७ किलोमीटर पूर्ण रिकामे राहतील आणि सुमारे ८ किलोमीटरांत प्रत्येकी तीन किंवा अधिक मृतदेह सापडतील. तिथे ना पाणवठा असेल, ना प्राण्यांची वाट. योगायोग वजा न करता काढलेला ‘हॉटस्पॉट’ म्हणजे नकाशावरचा डागच. त्यात किलोमीटरच्या दगडांवर रस्ता तोडला, तर दगडाच्या दोन्ही अंगांना पसरलेला खरा पुंजका दोन भागांत वाटला जाऊन दिसेनासा होतो.

मग प्रश्न येतो, मोजले काय? नीलगाय गाडीला धडकली तर गाडी चेपते, पंचनामा होतो, नोंद राहते. बेडकाची नोंद कोण करणार? पोर्तुगालमध्ये सँतोस, कार्व्हाल्यो आणि मिरा यांनी २०११ साली रस्त्यावरचे मृतदेह किती काळ टिकतात ते तपासले. लहान प्राण्यांचे बरेचसे अवशेष एका दिवसातच नाहीसे होतात, असे त्यांना आढळले. कावळे-कोल्हे उचलतात, चाकांखाली चिखल होतो. आठवड्यातून एकदा गाडीतून फेरी मारून केलेल्या यादीत मोठे प्राणी तेवढे उरतात. जखमी होऊन झुडपात जाऊन मेलेला प्राणी तर कुठल्याच यादीत येत नाही.

या उणिवा मेहनतीने भरून निघतील. खरी अडचण पुढची आहे आणि ती या पद्धतीच्या मुळाशीच आहे. कॅनडात ओटावाच्या परिसरात लेनोर फारिग आणि सहकाऱ्यांनी बेडकांचा अभ्यास केला. निबंध १९९५ चा. वाहतूक वाढत गेली तसे रस्त्यालगतच्या बेडकांची दाटी घटत गेली आणि दिसलेल्यांपैकी मेलेल्यांचे प्रमाण वाढत गेले. म्हणजे सर्वांत घातक रस्त्याच्या कडेला मरायला बेडूक कमीच उरतात. वर्षानुवर्षे मारून झालेल्या रस्त्यावर आज मृतदेह कमी दिसतील आणि नकाशा त्याला ‘सुरक्षित’ म्हणेल. एबरहार्ट, मिचेल आणि फारिग यांनी २०१३ साली हे स्पष्टच मांडले: जुन्या मृत्यूंनी संख्या खचलेली असेल, तर आजचे हॉटस्पॉट उपायाची जागा दाखवत नाहीत. याला दुसरीही बाजू आहे. वाहतूक अखंड झाली की अनेक प्राणी रस्त्याकडे फिरकतच नाहीत. मृत्यू थांबतात, पण जंगलाचे दोन तुकडे कायमचे तुटतात. या तुटीचा मृतदेह कुठेच पडत नाही.

ठिपक्यावर उपाय करण्याचाही एक तोटा आहे. ह्यूझर आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली अनेक रस्त्यांवरच्या कुंपणांची तुलना केली. पाच किलोमीटरपेक्षा आखूड कुंपणे मोठ्या प्राण्यांच्या टकरी रोखण्यात खूपच कमी पडतात, असे त्यांना दिसले. प्राणी टोकाला वळसा घालून रस्त्यावर येतात.

‘मग काय प्रत्येक किलोमीटरला पूल बांधायचा?’ असा प्रतिप्रश्न येईल. मुळीच नाही. मृतांच्या नोंदीबरोबर जिवंतांची नोंद करा, एवढेच म्हणणे आहे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मातीचे पट्टे राखून ठसे मोजता येतात, ट्रॅप कॅमेरे लावता येतात, रस्ता रुंद होण्याआधी प्राणी कुठून ये-जा करत होते ते गावातल्या गुराख्यांना विचारता येते. नागपूर–सिवनी रस्त्यावर, पेंचच्या जंगलात, दीर्घ न्यायालयीन झगड्यानंतर महाराष्ट्राच्या हद्दीत लहान पूल धरून प्राण्यांसाठी नऊ मार्ग झाले. रुंदी ५० मीटरपासून ७५० मीटरपर्यंत. भारतीय वन्यजीव संस्थेने २०१९ मध्ये तिथे कॅमेरे लावले, तेव्हा १८ जातींचे प्राणी टिपले गेले. वाघ ८९ वेळा, आणि ते ११ वेगवेगळे वाघ होते. भुयारी मार्गाचे यश मोजायचे ते असे: किती जण जिवंत पार झाले यावरून.

काही ठिकाणी तर ठिपका शोधणेच चुकीचे आहे. बांदीपूरच्या जंगलातून जाणाऱ्या महामार्गावर २००९ पासून रात्री ९ ते सकाळी ६ वाहतूक बंद ठेवली जाते. तिथे कुणी एक जागा निवडली नाही, जंगलातला सगळा पट्टा आणि रात्र निवडली. आंबोलीच्या घाटात पावसाळी रात्री बेडूक, देवगांडूळ आणि साप रस्ताभर असतात. ‘आंबोली टोड’ हा भेक तर त्या परिसराबाहेर कुठे आढळत नाही. तिथे एका अंडरपासने काय साधणार? पावसाळ्यातल्या रात्री वाहतूक रोखणे किंवा वेग उतरवणे, हाच तिथला उपाय.

पुढच्या वेळी एखाद्या महामार्गाच्या जनसुनावणीत ‘या टप्प्यात प्राणी मरत नाहीत’ असे सांगितले गेले, तर तिथे बसलेल्यांनी एवढे विचारावे: रस्त्यावर पाहिलेत, दोन्ही बाजूंच्या जंगलात कोण उरले आहे, ते पाहिलेत का?