गृह मंत्रालय आणि आपण : पोलीस मुंबईचे, मोजणी दिल्लीची

अमरावती-अकोल्यात अत्याचाराची घटना घडली की आपले कार्यकर्ते अनेकदा थेट केंद्रीय गृहमंत्र्यांच्या नावे निवेदन देतात. संताप रास्त आहे, पण पत्ता चुकतो. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था हे राज्याचे विषय. अमरावतीचे पोलीस आयुक्त असोत की अकोल्याचे पोलीस अधीक्षक, त्यांच्यावर राज्याचा गृह विभाग. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी डिसेंबर 2024 मध्ये हे खाते स्वतःकडेच ठेवले. अॅट्रॉसिटीच्या तपासाचा जाब तिथे विचारायचा. जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील दक्षता समिती आहे. नियमाप्रमाणे ती दर तीन महिन्यांनी बसली का, हेही विचारा.

दिल्लीच्या मंत्रालयाकडे सीमा, केंद्रीय सशस्त्र दले, गुप्तवार्ता, केंद्र-राज्य संबंध. सरदार पटेल पहिले गृहमंत्री. 2019 पासून अमित शहा. मधल्या काळात यशवंतराव चव्हाण, शंकरराव चव्हाण, शिवराज पाटील, सुशीलकुमार शिंदे हे महाराष्ट्राचे नेतेही त्या खुर्चीत बसले.

पण आपल्या दृष्टीने या मंत्रालयाचे सर्वांत मोठे काम फारसे बोलले जात नाही. ते म्हणजे जनगणना. महानिबंधक व जनगणना आयुक्तांचे कार्यालय याच मंत्रालयाखाली येते. 1951 च्या गणनेत महाराष्ट्रात बौद्ध जेमतेम अडीच हजार होते. 1956 च्या धम्मदीक्षेनंतर, 1961 मध्ये, ते सुमारे 28 लाख झाले. 2011 मध्ये 65 लाखांवर. अकोला जिल्ह्यात सुमारे 18 टक्के, अमरावतीत 13 टक्के.

पुढील गणनेचा संदर्भ दिनांक 1 मार्च 2027 आहे आणि यावेळी सर्वांच्या जातीही नोंदल्या जाणार आहेत. धर्माच्या रकान्यात 'बौद्ध', यावर आपल्यात वाद नाही. वाद जातीच्या रकान्याचा. धम्म स्वीकारल्यावर जात कशाला लिहायची, असे अनेक तरुण म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. 1990 च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातींचे हक्क मिळाले, पण यादीत नाव 'महार' आहे. 'बौद्ध' किंवा 'नवबौद्ध' नाही. यादीबाहेरचे नाव लिहिले तर आपण अनुसूचित जातींच्या आकड्यातून गळतो. राखीव जागा त्याच आकड्यावर ठरतात. अमरावती लोकसभा, दर्यापूर आणि मूर्तिजापूर विधानसभा हे मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव आहेत, हे विसरू नका.

प्रगणक बहुधा जवळच्या शाळेतले गुरुजी किंवा बाईच असतात. नोंद मोबाईलवर होईल. त्यांनी धर्म आणि जात काय भरली, ते तिथेच वाचून घ्या.