जुन्या घरातील अ‍ॅस्बेस्टॉस

मुंबई-पुण्यातील जुन्या चाळी व बैठ्या घरांवरील करड्या, नालीदार सिमेंट पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता मोठी असते. सांडपाण्याचे जुने नळ, पन्हळी, क्वचित पाण्याची टाकीही त्याचीच असते. अ‍ॅस्बेस्टॉसविरहित पत्रेही हुबेहूब तसेच दिसत असल्याने खात्री केवळ प्रयोगशाळेतच होते.

तंतू सिमेंटमध्ये घट्ट बांधलेले असेपर्यंत धोका अल्प असतो. पत्रा कापला, त्यास भोके पाडली अथवा शेवाळ काढण्यासाठी तारेच्या ब्रशने घासला, की डोळ्यांना न दिसणारे तंतू श्वासावाटे फुप्फुसात जाऊन रुततात. मेसोथेलिओमा हा कर्करोग त्यानंतर २० ते ४० वर्षांनीही उद्भवू शकतो. 'इतकी वर्षे काही झाले नाही' या कारागिराच्या आश्वासनास म्हणूनच अर्थ नाही.

धड पत्र्यास हात न लावणे श्रेयस्कर. पावसाळ्यापूर्वी गळती बुजविण्यासाठी त्यावर चढू नये. जुना पत्रा ठिसूळ होऊन पायाखाली फुटतो. बदलणे अटळ असल्यास काम जाणकार कंत्राटदारास द्यावे. पत्रे ओले करून, हूक-बोल्ट सोडवून अखंड उतरवावेत, जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळावेत. तोंडाला रुमाल बांधणे निरुपयोगी. सूक्ष्म कण अडविणारा, चेहऱ्यास घट्ट बसणारा मास्कच हवा. चुरा झाडू नये, ओल्या फडक्याने टिपून फडकेही पिशवीत बंद करावे. तुकडे राडारोड्यात टाकू नयेत.

ब्रिटनने १९९९ मध्ये अ‍ॅस्बेस्टॉसवर बंदी घातली. भारतात पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे अद्याप विकले जातात.