आल्बानियाचें नवें वर्ष

वर्षाचा आरंभ कोणत्या दिवशीं मानावा, हा प्रश्न वरवर पाहतां ज्योतिष्यांचा आणि राज्यकर्त्यांचा आहे. परंतु हुकुमानें पंचांग बदलतां येतें. सण बदलणें तितकें सोपें नाहीं. ह्याचा बोधप्रद दाखला पाहावयाचा असेल, तर आड्रियाटिक समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरील आल्बानिया ह्या लहानशा डोंगराळ देशाकडे वळावें. सुनी व बेक्ताशी मुसलमान, ऑर्थोडॉक्स व कॅथलिक ख्रिस्ती असे चार संप्रदाय तेथें पिढ्यान्‌पिढ्या शेजारीं नांदत आले आहेत. शतकानुशतकें तुर्कांचा अंमल भोगून १९१२ सालीं ह्या देशानें स्वातंत्र्य पुकारलें आणि १९४४ नंतर तो साम्यवादी राजवटीखालीं गेला. ह्या प्रत्येक स्थित्यंतराची खूण तेथील नववर्षाच्या चालींवर उमटलेली आहे.

त्यांतील सर्वांत जुना थर अग्नीचा दिसतो. उत्तरेकडील डोंगराळ भागांत, २२ डिसेंबर ते ६ जानेवारी ह्या अवधींतील एका रात्रीं, 'बुझ्मी' नांवाचा विधि करीत. रानांतून मोठा ओंडका आणावयाचा, एखाद्या सन्मान्य पाहुण्याचें स्वागत करावें तसें घरांतील माणसांनीं त्याचें स्वागत करावयाचें, आणि मग त्याला चुलाण्यांत ठेवावयाचें. ताटांतील पदार्थांचा व पेयांचा वांटा प्रथम त्याला द्यावयाचा. त्याची राख पुढें शेतांत टाकीत, म्हणजे जमीन भरघोस पिकेल अशी श्रद्धा होती. हा विधि कालांतरानें नाताळाशीं जोडला गेला. तथापि त्याचा जीव सूर्याशीं निगडित आहे, हें उघड दिसतें. दिवस अगदीं लहान होऊन पुन्हां वाढूं लागण्याच्या वेळीं घरांतील अग्नीनें आकाशांतील अग्नीस हातभार लावावा, ही कल्पना कोणत्याहि एका धर्मग्रंथाची मिरास नव्हे.

दुसरा थर वसंताचा. मध्य आल्बानियांतील एल्बासान हें शहर 'दिता ए वेरस', म्हणजे 'उन्हाळ्याचा दिवस', ह्या सणाविषयीं प्रसिद्ध आहे. तो १४ मार्चला येतो, आणि ह्या तारखेंतच त्याचा इतिहास सांठविलेला आहे. जुन्या जूलियन पंचांगाप्रमाणें तो १ मार्चचा दिवस. विसाव्या शतकांत दोन पंचांगांत तेरा दिवसांचें अंतर पडलें असल्यामुळें नव्या गणनेंत तो १४ मार्च ठरला. प्राचीन रोमन वर्षहि मार्चपासूनच सुरू होत असे. म्हणून तर सप्टेंबर म्हणजे सातवा व डिसेंबर म्हणजे दहावा, हे अर्थ त्या नांवांत अद्यापि शिल्लक आहेत. जुन्या आल्बानियन समजुतीप्रमाणें वर्षाचे हिवाळा आणि उन्हाळा असे दोनच भाग होते, व हा दिवस त्यांतील उजळ भागाचें दार. मक्याचें पीठ, लोणी, साखर आणि अंडीं ह्यांचीं 'बालोकुमे' नांवाचीं गोल बिस्किटें एल्बासानच्या घरोघरीं भाजतात. सोबत उकडलेलीं अंडीं, अक्रोड आणि सुके अंजीर असतात. तांबड्या व पांढऱ्या दोऱ्यांचें कंकण मुलांच्या मनगटांत बांधण्याची चालहि कित्येक ठिकाणीं आहे.

ह्यानंतर आठच दिवसांनीं, २२ मार्चला, बेक्ताशी पंथाचे लोक 'नेव्‌रुझ' पाळतात. हा शब्द मराठी वाचकाच्या कानांस परका वाटूं नये. मुंबईचे पारशी ज्याला नवरोज म्हणतात, तोच हा इराणी 'नवा दिवस'. बेक्ताशींनीं त्याला हजरत अलींच्या जन्मदिनाचें रूप दिलें. तुर्कस्थानांत १९२५ सालीं दर्वेशांच्या मठांवर बंदी आल्यानंतर ह्या पंथाचें मुख्य पीठ तिराना येथें आलें, आणि इराणांतून निघालेला वसंतोत्सव आड्रियाटिकच्या किनाऱ्याजवळ स्थिरावला.

मग १९६७ साल उजाडलें. एन्व्हर होजा ह्याच्या सरकारनें मशिदी, चर्चें व मठ सरसकट बंद केले. धर्मगुरु कारागृहांत गेले, कित्येक प्राणांस मुकले. आणि १९७६ च्या राज्यघटनेनें राज्य कोणताहि धर्म मानीत नाहीं, असें लिहून ठेवलें. नाताळ, ईद, ईस्टर सारेंच गेलें. राहिली ती ३१ डिसेंबरची रात्र. अन्य देशांत नाताळशीं जोडलेलें शृंगारलेलें झाड येथें 'नव्या वर्षाचें झाड' ठरलें. मुलांना भेटी आणणारा म्हातारा 'नव्या वर्षाचे आजोबा' झाला. त्या टंचाईच्या काळांतहि वर्षाअखेरच्या जेवणांत टर्की पक्षी आणि अक्रोड घालून पाकांत मुरविलेला थरांचा बक्लावा असावा, म्हणून कुटुंबें धडपडत. चार संप्रदायांचीं घरें एकाच रात्रीं, एकाच पक्वान्नाभोंवतीं बसूं लागलीं.

१९९० च्या अखेरीस बंदी उठली. आज तेथें दोन्ही ईद, नाताळ, ईस्टर आणि नेव्‌रुझ ह्या सर्वांस सार्वजनिक सुटी असते. १४ मार्चच्या सणासहि २००४ पासून तो मान मिळाला आहे. ह्या स्थितींत जुलुमाच्या छायेंत वाढलेला जानेवारीचा सण कोमेजून जाईल, असें कोणास वाटलें असतें. तसें झालें नाहीं. टर्की व बक्लावा ताटांत कायम आहेत, आणि १९९१ नंतर इटली-ग्रीसकडे पोटासाठीं गेलेल्यांपैकीं पुष्कळजण ह्याच दिवसांत आईबापांच्या घरीं परततात.

म्हणून काय त्या राजवटीचें समर्थन करावें? मुळींच नाहीं. ज्यांचीं प्रार्थनास्थळें उध्वस्त झालीं व ज्यांचीं माणसें तुरुंगांत खितपत मेलीं, त्यांचें नुकसान एका सुग्रास जेवणानें भरून निघत नाहीं. सरकारनें त्यांना एक रिकामी तारीख दिली होती, इतकेंच. ती भरली आयांनीं आणि आज्यांनीं: पूर्वीं ओंडक्यापुढें ठेवीत तो पहिला घांस आतां मुलांपुढें ठेवून, आणि त्यांच्यापुरता तरी दिवस मोठा होईल अशी आशा धरून. तारखेचा धनी बदलला. चुलीचा धनी मात्र बदलला नाहीं.