पिठाचे पंजे



भारुडातलं सोंग किंवा तमाशातला सोंगाड्या पाहून हसली नाही अशी बाई आपल्या औसा तालुक्यात सापडायची नाही. पडापडी, धडपड, फजिती यांचं हसू सिनेमात अगदी सुरुवातीपासून आहे. 1895 साली पॅरिसमध्ये लुमिए बंधूंनी एक मिनिटाहून छोटी गंमत दाखवली. माळी पाइपानं पाणी देतोय. पोरगं मागून पाइपावर पाय ठेवतं. पाणी का थांबलं म्हणून माळी पाइपात डोकावतो, पोरगं पाय काढतं आणि फवारा थेट तोंडावर!

आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' 3 मे 1913 ला मुंबईत लागला. त्यातली तारामती बाई नव्हती, ते अण्णा साळुंके होते. सिनेमात काम करायला बाईच मिळेना! पुढच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये मात्र दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची लेक कमला मोहिनी झाली. एकटीनं लेक वाढवणाऱ्या दुर्गाबाईंनी लोकांची बोलणी सोसून हे केलं. हीच कमला म्हणजे कमलाबाई गोखले, नट विक्रम गोखले यांची आजी.

या सिनेमासोबत फाळक्यांनी एक छोटी विनोदी फिल्म दाखवली, 'पिठाचे पंजे'. देवाच्या मोठ्या गोष्टीसोबत तोंडाला चव आणणारं लोणचंच म्हणा! नाव तर थेट आपल्या घरातलं. पीठ मळताना दाराला, पदराला हात लागला की आपलेही पंजे उमटतातच.

पण त्या सगळ्या कारखान्यामागे खरोखरचे पिठाचे हात होते, सरस्वतीबाई फाळके यांचे. त्यांनी दागिने दिले, कंपनीतल्या माणसांचा स्वयंपाक केला, अंधारात बसून फिल्मच्या कडेला भोकं पाडली, फिल्म धुवायला शिकल्या. सिनेमाचे जनक म्हणून नाव दादासाहेबांचं झालं. सरस्वतीबाईंचं नाव आपल्यापैकी किती जणींनी ऐकलं होतं?

फाळक्यांच्या थोड्याच फिल्म आज उरल्यात. बायांच्या आठवणी तर कुणी डब्यात घालूनही ठेवल्या नाहीत. म्हणून गटाच्या पुढच्या बैठकीत आपण एक काम करू. घरातल्या आजीला, सासूला विचारू: पहिला सिनेमा कुणासोबत पाहिला? घरातून जाऊ दिलं का? कशाला पोट धरून हसलात? जे सांगतील ते त्यांच्या नावासकट गटाच्या वहीत लिहून ठेवू.