पंधरा मिनिटांचा संप आणि सहा वर्षांचा खटला

पोस्ट लांब आहे. सवडीने वाचा, पण शेवटपर्यंत वाचा.

मायकेल जॉर्डन, कोबी ब्रायंट, लेब्रॉन जेम्स ही नावं आपल्याकडच्या पोरांनाही पाठ आहेत. तेवीस नंबरची जर्सी तालुक्याच्या बाजारात मिळते. एनबीएचे तीस सेकंदांचे व्हिडिओ सकाळी उठल्या उठल्या मोबाइलवर असतात. पण ऑस्कर रॉबर्टसन कोण, असं विचारलं तर बहुतेक जण गप्प बसतील. स्पेन्सर हेवूड हे नाव तर त्याहून कमी लोकांनी ऐकलेलं असेल. गंमत अशी, की आजचा खेळाडू करार संपल्यावर स्वतःच्या मर्जीने संघ बदलतो आणि कोट्यवधी डॉलर कमावतो, त्याच्या मागे या दोघांची मेहनत आहे. त्यांचा हा खेळ मैदानापेक्षा कोर्टात आणि ड्रेसिंग रूममध्ये जास्त रंगला.

आधी त्या काळची परिस्थिती समजून घेऊ. एनबीए १९४६ साली सुरू झाली. पहिली वीसेक वर्षं ही लीग म्हणजे आजच्यासारखी सोन्याची खाण नव्हती. मोठमोठे खेळाडू उन्हाळ्यात दुसरी कामं करायचे. बोस्टन सेल्टिक्सचा टॉम हाइन्सन हा चॅम्पियन संघातला खेळाडू, पण सीझन संपला की विमा विकायचा. पेन्शन नव्हती. गुडघा गेला, की करिअर गेलं आणि उत्पन्नही गेलं.

त्यात करारातली एक अट मोठी जाचक होती. खेळाडूचा करार संपला तरी संघ तो आपल्या बाजूने पुढे वाढवू शकत होता. वाढवलेल्या करारातही तीच अट असायची. म्हणजे एकदा सही केली, की संघ सोडेल तेव्हाच सुटका. मालकाला वाटलं तर तो खेळाडूला दुसऱ्या शहरात पाठवणार, खेळाडूला वाटलं म्हणून तो कुठेच जाऊ शकणार नाही. आपल्याकडे सालगडीसुद्धा पाडव्याला धनी बदलू शकतो. एनबीएच्या खेळाडूला तेवढीही मोकळीक नव्हती.

१९५४ साली बोस्टनच्याच बॉब कूझीने प्रत्येक संघातल्या एकेका नावाजलेल्या खेळाडूला पत्र लिहून संघटना उभी केली. मालकांनी तिला मान्यता द्यायला १९५७ उजाडलं. मान्यता मिळाली, पण पेन्शनचा विषय निघाला की 'पुढच्या बैठकीत बघू'. हे वाक्य आपल्याला काही नवीन नाही.

आता १४ जानेवारी १९६४. बोस्टन गार्डनमध्ये ऑल-स्टार सामना. ही लीग पहिल्यांदाच रात्रीच्या मुख्य वेळेत देशभर टीव्हीवर थेट दिसणार होती. मालकांसाठी याहून मोठा दिवस नव्हता. बाहेर बर्फाचं वादळ, खेळाडू कसेबसे पोचलेले. आणि सामन्याच्या आधी वीसच्या वीस खेळाडू ड्रेसिंग रूममध्ये बसून राहिले. पेन्शनचा शब्द द्या, मगच बाहेर येतो.

त्या खोलीत कोण होतं बघा. बिल रसेल, विल्ट चेंबरलेन, जेरी वेस्ट, एल्जिन बेलर, ऑस्कर रॉबर्टसन. संघटनेचा अध्यक्ष टॉम हाइन्सन, तोच विमा विकणारा. सोबतीला वकील लॅरी फ्लायशर. यातल्या बड्या खेळाडूंना पेन्शनची फारशी गरज नव्हती. गरज होती ती बेंचवर बसणाऱ्या, दोन-चार वर्षं खेळून घरी जाणाऱ्या पोरांना. आणि ती पोरं तर त्या खोलीत नव्हतीच, कारण ऑल-स्टारला निवड होते ती नामांकितांची. ज्यांना तोटा होण्याची भीती सगळ्यात जास्त, तेच दुसऱ्यांसाठी दार लावून बसले होते. मला या प्रसंगातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते.

लेकर्सचे मालक बॉब शॉर्ट यांनी निरोप पाठवला, की बेलर आणि वेस्ट लगेच बाहेर आले नाहीत तर त्यांचं करिअर संपलं समजा. बेलरने जे उत्तर पाठवलं ते इथे लिहिता येणार नाही. समजून घ्या.

बेलरचा हा बाणा काही त्या रात्रीचा नव्हता. जानेवारी १९५९ मध्ये, आपल्या पहिल्याच सीझनमध्ये, वेस्ट व्हर्जिनियातल्या चार्ल्सटनला हॉटेलने त्याला आणि त्याच्या कृष्णवर्णीय सहकाऱ्यांना खोली नाकारली होती. बेलरने त्या दिवशी सामना खेळायलाच नकार दिला. १९६१ मध्ये केंटकीतल्या लेक्सिंग्टनला तेच घडलं. हॉटेलात सेल्टिक्सच्या दोन कृष्णवर्णीय खेळाडूंना खायला दिलं नाही, तेव्हा बिल रसेल आणि बाकीचे कृष्णवर्णीय खेळाडू प्रदर्शनीय सामना सोडून सरळ घरी निघून गेले. म्हणजे 'खेळणार नाही' हे हत्यार या लोकांनी आधीच हाताळलेलं होतं. १९६४ ला फरक एवढाच, की या वेळी गोरे आणि काळे सगळे एका खोलीत, एका बाजूला होते.

टीव्हीवाल्यांचा धीर सुटत चालला होता. शेवटी लीगचे अध्यक्ष वॉल्टर केनेडी स्वतः आले आणि पेन्शनचा शब्द दिला. सामना सुमारे पंधरा मिनिटं उशिरा सुरू झाला. पूर्व विभागाने तो १११-१०७ असा जिंकला. सामनावीर ऑस्कर रॉबर्टसन. २६ गुण, १४ रिबाउंड, ८ असिस्ट. ज्या माणसाने थोड्या वेळापूर्वी खेळायला नकार दिला होता, त्याने मग असं खेळून दाखवलं. पेन्शन मिळाली.

आता या रॉबर्टसनबद्दल. जन्म १९३८ चा, टेनेसीतला. वाढला इंडियानापोलिसच्या गरीब वस्तीत. शाळा क्रिस्पस अटक्स, केवळ कृष्णवर्णीय मुलांची. १९५५ साली या शाळेने राज्य स्पर्धा जिंकली. एखाद्या पूर्ण कृष्णवर्णीय शाळेने राज्य विजेतेपद मिळवण्याची अमेरिकेतली ती पहिलीच वेळ. जिंकणाऱ्या संघाची मिरवणूक शहराच्या मध्यभागी काढायची रीत होती. या पोरांची मिरवणूक मात्र मुख्य चौकाला वळसा घालून त्यांच्याच वस्तीतल्या पार्ककडे वळवण्यात आली. पुढच्या वर्षी ते पुन्हा जिंकले. रॉबर्टसन ती मिरवणूक कधी विसरला नाही.

१९६० मध्ये रोम ऑलिंपिकचं सुवर्ण. मग सिनसिनाटी रॉयल्स. १९६१-६२ च्या सीझनमध्ये त्याची सरासरी होती ३०.८ गुण, १२.५ रिबाउंड आणि ११.४ असिस्ट. तिन्ही आकडे दहाच्या वर, आणि तेही अख्ख्या सीझनची सरासरी. असं पुन्हा व्हायला ५५ वर्षं जावी लागली.

१९६५ मध्ये तो खेळाडू संघटनेचा अध्यक्ष झाला. अमेरिकेत राष्ट्रीय पातळीवरच्या क्रीडा संघटनेचा तो पहिला कृष्णवर्णीय अध्यक्ष. त्याच सुमारास एक नवी गोष्ट घडली. १९६७ मध्ये एबीए नावाची दुसरी लीग सुरू झाली. रंगीत चेंडू, तीन गुणांची रेषा, आणि खेळाडू ओढायला जास्त पैसे. दोन गिऱ्हाइकं आली की मालाला भाव येतो, हे आपल्या शेतकऱ्याला सांगायला नको. खेळाडूंचे पगार वाढले. मालक हैराण झाले आणि त्यांनी दोन्ही लीग एक करायचा घाट घातला. पुन्हा एकच गिऱ्हाईक.

एप्रिल १९७० मध्ये रॉबर्टसन आणि इतर संघांचे प्रतिनिधी कोर्टात गेले. दावा असा, की ही मक्तेदारी आहे. विलीनीकरण थांबवा, आणि खेळाडूला आयुष्यभर एका संघाला बांधून ठेवणारी अट काढा. खटल्यावर पहिलं नाव रॉबर्टसनचं. त्याच महिन्यात दहा वर्षांच्या सेवेनंतर सिनसिनाटीने त्याला मिल्वॉकीला पाठवून दिलं. तिथे तरुण लू अल्सिंडरबरोबर, म्हणजे पुढे करीम अब्दुल-जब्बार झालेल्या खेळाडूबरोबर, त्याने १९७१ चं विजेतेपद जिंकलं. दिवसा चॅम्पियन, आणि फावल्या वेळात आपल्याच लीगविरुद्ध फिर्यादी.

खटला सहा वर्षं चालला. मधल्या काळात, १९७४ मध्ये, रॉबर्टसन निवृत्तही झाला. खटल्याचे न्यायाधीश होते रॉबर्ट कार्टर. शाळांमधला वर्णभेद बेकायदा ठरवणारा १९५४ चा 'ब्राउन' खटला ज्या वकिलांनी लढवला, त्यातले हे एक. १९७५ मध्ये त्यांनी खटला रद्द करण्याची लीगची मागणी फेटाळली. मग मालकांना कळलं, की वारं कुठल्या दिशेने आहे. १९७६ मध्ये तडजोड झाली. विलीनीकरण झालं, एबीएचे चार संघ एनबीएत आले, पण ती जाचक अट गेली. करार संपला की खेळाडू दुसरीकडे बोलणी करू शकेल. पूर्ण मोकळीक यायला १९८८ उजाडलं. त्या वर्षी टॉम चेंबर्स हा सिएटल सोडून फिनिक्सला गेला, कुणाची परवानगी न घेता. असा तो पहिला.

याच काळात दुसरा एक तरुण दुसऱ्या बाजूने तीच भिंत फोडत होता. स्पेन्सर हेवूड. मिसिसिपीचा, दहा भावंडांतला. लहानपणी कापूस वेचलेला. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये १९ व्या वर्षी अमेरिकेचा सर्वाधिक गुण मिळवणारा खेळाडू. एनबीएचा नियम असा, की शाळा संपून चार वर्षं झाल्याशिवाय लीगमध्ये प्रवेश नाही. कॉलेजसाठी फुकट खेळा, आई कापूस वेचत राहू दे. हेवूड आधी एबीएत गेला, पहिल्याच वर्षी तिथला सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि मग सिएटल सुपरसॉनिक्सने त्याला घेतलं. लीगने अडवलं. काही मैदानांवर त्याची 'बेकायदेशीर खेळाडू' अशी घोषणा व्हायची. १ मार्च १९७१ रोजी सर्वोच्च न्यायालयातून त्याला खेळू देणारा आदेश पुन्हा लागू झाला. मग लीगने माघार घेतली. पुढे केव्हिन गार्नेट, कोबी, लेब्रॉन शाळेतून थेट एनबीएत आले, ते याच दारातून.

हेवूडची पुढची गोष्ट सुखाची नाही. तो कोकेनच्या आहारी गेला आणि १९८० च्या अंतिम मालिकेतच लेकर्सने त्याला बाहेर काढलं. नंतर तो सावरला. पण हॉल ऑफ फेममध्ये त्याला २०१५ पर्यंत थांबावं लागलं. रॉबर्टसनला निवृत्तीनंतर टीव्हीवर समालोचनाचं काम मिळालं, ते एका सीझनमध्ये गेलं. खटल्याचाच तो राग होता, असं त्याचं म्हणणं. रस्ता तयार करणाऱ्याच्या वाट्याला टोलचे पैसे येत नाहीत.

सगळं गोड झालं असंही नाही. १९७६ च्या तडजोडीत जे एबीएचे संघ बुडाले, त्यांचे अनेक खेळाडू म्हातारपणी हलाखीत गेले. त्यांच्यासाठी एनबीएने निधी मंजूर केला २०२२ मध्ये. तोवर कित्येक जण वारले होते.

आता लोक म्हणतात, की आजच्या खेळाडूंना निष्ठा राहिली नाही. लेब्रॉनने २०१० मध्ये क्लीव्हलँड सोडलं तर चाहत्यांनी जर्सी जाळल्या. मला प्रश्न पडतो, की दहा वर्षं राबलेल्या रॉबर्टसनला सिनसिनाटीने पाठवून दिलं, तेव्हा निष्ठेची आठवण कुणाला झाली होती? निष्ठा एकाच बाजूने मागितली, की तिला वेठबिगारी म्हणतात.

आपल्याकडेही आयपीएलच्या लिलावात खेळाडूंवर बोली लागते आणि आपण टीव्हीसमोर टाळ्या वाजवतो. बीसीसीआयने २०१९ मध्ये मान्यता दिलेली क्रिकेटपटूंची संघटना आहे, पण ती निवृत्त खेळाडूंची. जे आज खेळतायत त्यांनी, आणि विशेषतः त्यातल्या बड्यांनी, राखीव खेळाडूंसाठी एकत्र बसायचं ठरवलं तर काय होईल, याचा विचार करून बघा.

रॉबर्टसनचा ट्रिपल-डबलचा विक्रम १८१ चा होता. २०२१ मध्ये रसेल वेस्टब्रुकने तो मोडला. विक्रम मोडण्यासाठीच असतात. पण पेन्शन, करार संपल्यावर मोकळं होण्याचा हक्क, गरीब घरच्या पोराला वेळेत कमवायची मुभा, हे मोडलेलं नाही. ऑगस्ट २०२० मध्ये पोलिसांनी एका कृष्णवर्णीय माणसाला पाठीत गोळ्या घातल्या म्हणून प्लेऑफचा सामना खेळायला नकार देणारा पहिला संघ होता मिल्वॉकी बक्स. रॉबर्टसनचा जुना संघ.

पोरांनो, जॉर्डनचे व्हिडिओ जरूर बघा. पण एकदा १९६४ च्या त्या बंद खोलीबद्दलही वाचा. आणि आपापल्या कामाच्या ठिकाणी, जिथे 'पुढच्या बैठकीत बघू' हे वाक्य रोज ऐकू येतं, तिथे स्वतःला विचारा: आपल्यातला ज्याचं बरं चाललंय, तो दार लावून आत बसायला तयार आहे का?