किमोनंतर पडून राहण्याविरुद्ध

किमोची शेवटची सायकल संपली की घरात ठराव मंजूर होतो: आता सहा महिने कशाला हात लावायचा नाही. पडून राहा, नारळपाणी घ्या, ताकद आपोआप येईल. हा पूर्वपक्ष हसण्यावारी नेण्यासारखा नाही. डोसनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी तळाला जातात, त्या काळात जपायलाच हवे. शिवाय राबून आलेला थकवा रात्रीच्या झोपेने उतरतो, हे आपण सगळे जाणतो. चूक होते ती हाच न्याय किमोनंतरच्या थकव्याला लावताना.

कारण हा थकवा श्रमाच्या हिशेबात बसत नाही. नुसत्या आंघोळीने माणूस गळून जातो आणि दहा तास झोपूनही गळलेलाच उठतो. जी तूट झोपेने भरत नाही, तिच्यावर आणखी झोपेचाच उपाय सांगायचा, हा तर्क कसला? पडून राहण्याची किंमत तर निरोगी शरीरालाही मोजावी लागते. १९६६ साली अमेरिकेत डलास येथे पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर ठेवले. त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता चौथ्या हिश्शाहून जास्त घटली. त्याच पाच जणांना तीस वर्षांनी पुन्हा तपासले, तेव्हा तीन दशकांच्या वयाने केलेले नुकसान त्या तीन आठवड्यांपेक्षा कमी निघाले.

मग करायचे काय? चालायचे. कर्करोगाच्या थकव्यावरील ११३ चाचण्यांचा, अकरा हजारांवर रुग्णांचा एकत्रित आढावा २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात व्यायाम आणि मानसोपचार हे दोन्ही औषधांपेक्षा सरस ठरले. तज्ज्ञांनी सुचवलेले प्रमाणही झेपण्यासारखे आहे: आठवड्यातून तीनदा, अर्धा तास, बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगाने. २०२५ साली मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या ८८९ रुग्णांवरचा अभ्यास आला. किमोनंतर तीन वर्षे देखरेखीखाली व्यायाम केलेल्यांपैकी पाच वर्षांनी सुमारे ८० टक्के रोगमुक्त होते. केवळ माहितीपुस्तिका मिळालेल्यांत ते प्रमाण ७४ होते. हे रुग्ण मुळातच हिंडतेफिरते होते, हा आक्षेप रास्त आहे. अगदी खचलेल्या माणसाला हे आकडे जसेच्या तसे लागू होणार नाहीत; त्याने पाच मिनिटांपासून सुरुवात करावी.

सगळाच थकवा चालण्याने जाईल असे मात्र नव्हे. हिमोग्लोबिन, थायरॉइड, झोप, नैराश्य आधी तपासून घ्यावे. डॉक्सोरुबिसिन हे किमोचे औषध घेतलेल्याला धाप लागत असेल तर हृदयाची तपासणी आधी. रोग हाडांत पसरला असेल तर डॉक्टरांना विचारल्याखेरीज वजने उचलू नयेत.

आणखी एक गोष्ट मला खटकते. 'हालचाल करा' हा सल्ला बाईच्या वाट्याला आला की त्याचा अर्थ पोळ्या लाटणे असा लावला जातो. ओट्याशी दोन तास उभे राहणे हा व्यायाम नव्हे. तिला आयुष्यात पहिल्यांदा मिळालेली विश्रांती काढून घ्यायला माझा हा युक्तिवाद कुणी वापरू नये. स्वयंपाक दुसऱ्याने करावा, तिने फिरायला जावे.

आणि शेवटच्या सायकलनंतरच्या कागदावर 'विश्रांती घ्या' एवढेच लिहून भागत नाही. गोळ्यांच्या डोसासारखेच किती मिनिटे, आठवड्यातून किती वेळा आणि काय झाले तर थांबायचे, हेही तिथे लिहिलेले असावे.