मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग

महाराष्ट्रातील दोन मोठ्या शहरांना जोडणारा सहापदरी रस्ता. कळंबोली ते किवळे. लांबी सुमारे 94.5 किमी. अधिकृत नाव यशवंतराव चव्हाण द्रुतगती मार्ग.

हा रस्ता नवा असला तरी कोकणातील बंदरांतून देशावर चढणारी वाट फार जुनी. कार्ले आणि भाजे येथील लेणी याच व्यापारी मार्गालगत कोरलेली आहेत. या वाटेवरील बोरघाटात पूर्वी माल मुख्यतः बैलांच्या पाठीवरून चढे. गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत, 1830 मध्ये, घाट गाड्यांसाठी खुला झाला आणि मुंबईचा दख्खनशी व्यापार वाढला. 1863 मध्ये रेल्वेही घाट चढली.

विसाव्या शतकाच्या अखेरीस जुन्या रस्त्यावरची कोंडी असह्य झाली. महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने बांधलेला नवा मार्ग 2002 मध्ये पूर्णपणे खुला झाला. दुचाकी, तीनचाकी व पादचाऱ्यांना येथे मनाई आहे. पुण्याचा वाहन उद्योग मुंबई परिसरातील बंदरांशी या मार्गाने घट्ट जोडला गेला.

बोरघाटातील खंडाळ्याचा टप्पा मात्र आजही कठीण. तीव्र उतार, पावसाळी धुके आणि ठिसूळ कडे यांमुळे अपघात होतात. जुलै 2015 मध्ये आडोशी बोगद्याजवळ दरड कोसळून जीवितहानी झाली. हा टप्पा टाळण्यासाठी खोपोली–कुसगाव दरम्यान बोगदे व उंच पूल असलेला पर्यायी रस्ता हाती घेण्यात आला.